सरकीचं तोंड

हेमकांत चहा न घेता गेला. आपल्या घरातून तो चहा न घेता कधी गेल्याचं रंजनाबाईंना आठवत नव्हतं. शहाद्याच्या या घरात तो पाचवीपासून शिकायला राहिला, परभणीहून जनावरांचा डॉक्टर होऊन आला, गावोगाव फिरू लागला, लग्न झालं, चार गल्ल्या पलीकडे स्वतःचं घर बांधलं, पण काकूच्या दारात पाऊल टाकलं की आधी चहा आणि मग बाकीचं, हा क्रम कधी चुकला नव्हता. आज त्यानं सरकी मांजरीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि उभ्याउभ्याच सांगितलं की रक्ताची तपासणी आली, किडन्या गेल्यात, वयही झालंय, तिला उपाशी तडफडू देण्यापेक्षा रविवारी येऊन तो एक इंजेक्शन देईल, झोपेतच जाईल. रंजनाबाई आधण ठेवायला उठल्या तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे काकू, आज नको." आणि चपला घालून गेला. गॅसवरचं पाणी उकळून निम्मं झालं तरी त्या ओट्यापाशी उभ्याच होत्या. मांजर मरणार हे अजून त्यांच्या मनात शिरलं नव्हतं. चहा नको म्हणाला, एवढंच शिरलं होतं.

मग हळूहळू दुसरंही शिरायला लागलं. सरकी न्हाणीच्या उंबऱ्याशी, पाण्याच्या पितळी वाटीसमोर बसली होती. हल्ली ती तिथंच बसायची, पुढचे पाय पोटाखाली घेऊन, पाण्याकडे टक लावून, जणू त्यात कुणी बुडालं आहे आणि ते वर येण्याची ती वाट पाहते आहे. दुधात कुस्करलेली भाकरी सकाळपासून तशीच सुकत होती. रंजनाबाईंनी तिला उचललं तेव्हा हाताला वजन लागलंच नाही, दोरीवरचा वाळलेला पंचा काढून घ्यावा तशी ती हातात आली. हनुवटीखालचे केस चिकट झाले होते आणि तोंडाला वास येत होता. हा वास किडनीचा, असं हेमकांत म्हणाला होता. गावाकडे, ब्राह्मणपुरीच्या घरी माडीवर कापूस भरलेला असताना त्या ढिगात कुठल्याशा मांजरीनं पिलं घातली होती, त्यातलं हे एक मागं राहिलं. नवनीत गुरुजी, रंजनाबाईंचे यजमान, कापसात हात घालून ते पिलू वर काढत म्हणाले होते की ही सरकी आहे, वेचायची राहून गेलेली. गुरुजींनी आयुष्यभर शाळेतल्या मुलांना नावं ठेवली, टोपणनावं, आणि ती सगळी त्यांना चिकटली, तसं हेही चिकटलं. गुरुजी गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना ही कुठं दिसेना, आणि तिसऱ्या प्रहरी सगळे उठून गेल्यावर त्यांच्या खुर्चीखालून बाहेर आली आणि रंजनाबाईंच्या मांडीवर चढली. त्याआधी ती कधी मांडीवर आली नव्हती. रंजनाबाईंना मूल नव्हतं. मांडीवर चढून बसणारं असं त्यांच्या आयुष्यात फार कुणी नव्हतं. एक ही, आणि तिच्या कितीतरी आधी हेमकांत, तोही दहा वर्षांचा झाल्यावर आला, मांडीवर बसायचं वय उलटून गेल्यावर, पण पहिल्या रात्री आईची आठवण येऊन रडला तेव्हा मांडीवर डोकं ठेवून झोपला होता.

तो बोलला म्हणजे संपलं, हे रंजनाबाईंनीच जगाला सांगून ठेवलेलं होतं. भाजीवालीला, बँकेतल्या शिपायाला, लग्नात शेजारच्या पाटावर बसलेल्या अनोळखी बाईला. त्याला बारावीला चांगले गुण पडले आणि त्यानं जनावरांच्या डॉक्टरकीला जायचं म्हटलं, तेव्हा त्याचे वडील भाईदास, म्हणजे गुरुजींचे धाकटे भाऊ, ओसरीवर पाच माणसं बसलेली असताना म्हणाले होते, "ढोरस्ना डॉक्टर व्हईसन काय करशी? पोर कोन दी तुले?" माणसं हसली होती. गुरुजी नेहमीप्रमाणं पानाच्या डब्यात बघत राहिले. आणि आजवर दिरासमोर कधी न बोललेल्या रंजनाबाई दारातून म्हणाल्या होत्या, "आपलं घर ढोरस्वर उभं शे. त्यास्ना डॉक्टर व्हस ह्यामा लाज कसानी?" हे वाक्य पुढं कुटुंबात बरीच वर्षं फिरत राहिलं, आणि ते फिरत राहावं याची थोडीफार काळजी रंजनाबाईंनीही घेतली. आता अडलेली म्हैस असो की दगावणारी बैलजोडी, तापीच्या दोन्ही काठांवरून हेमकांतला फोन येतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेवाले त्याला नावानं हाक मारतात. रस्त्यानं चालताना कुणीही अनोळखी शेतकरी थांबून म्हणतो, तुम्ही डॉक्टरसाहेबांच्या काकू ना, आणि रंजनाबाई मान किंचित वर करून हो म्हणतात. तीच मान आता त्यांना जड झाली होती. कारण सरकीला मांडीवर घेऊन बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं होतं की आणखी कुणाला तरी दाखवावं.

हा विचार कुठून आला ते त्यांना कळेना. त्याचं चुकलं असं त्यांना वाटत नव्हतं. चुकलं असेल असं म्हणून बघितलं तर तोंडात ते वाक्य बसेना, दुसऱ्याची कवळी बसू नये तसं. शेजारी राहणाऱ्या, बँकेत काम करणाऱ्या चेतनानं महिन्याभरापूर्वी सहज सांगितलं होतं की नंदुरबारला रविना पावरा म्हणून एक नवी डॉक्टर आली आहे, फक्त कुत्री-मांजरं, पोपट असलंच बघते, धडगावकडची आहे. तेव्हा रंजनाबाई म्हणाल्या होत्या की आमच्या घरात डॉक्टर असताना आम्हाला काय करायचंय. त्यांच्या लहानपणी धडगावकडची माणसं कापूस वेचायला उतरायची, अंगणाच्या कडेला चूल मांडायची. तिकडच्या पोरीपुढं आपण मांजर घेऊन उभं राहायचं, आणि तेही हेमकांतच्या मागं. सुकलाल किराणावाल्याला कळलं की संध्याकाळपर्यंत मोहिदा रोडपर्यंत कळेल: खुद्द काकूचा त्याच्यावर भरवसा नाही. गल्लीत चार जणांनी मग आपापल्या गाईम्हशींबद्दल दुसरा विचार केला तर त्यात नवल काय. रात्रभर सरकी उशाशी बसून होती आणि तिच्या घशातून मधूनच एक बारीक आवाज येत होता, दार पुरतं न लागल्यासारखा. पहाटे रंजनाबाईंनी स्वतःची समजूत काढली ती अशी: आपण दुसरं मत घ्यायला जातच नाही आहोत. हेमकांतचं बरोबर आहे हे कुणीतरी तिऱ्हाइतानं सांगावं, एवढ्यासाठी जातो आहोत. म्हणजे रविवारी तो इंजेक्शन घेऊन येईल तेव्हा आपल्याला सरकीला त्याच्या हाती देता येईल. ही समजूत त्यांना पटली नाही, पण तिच्या आधारानं लुगडं बदलता आलं.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. बाजाराच्या मोठ्या पिशवीत जुनी गोधडी घालून त्यांनी सरकीला बसवलं होतं. कंडक्टर पिशवीत डोकावून म्हणाला, "आजी, बोका शे का मांजर?" मांजर, असं त्यांनी सांगितलं. "मंग तिले बी अर्धं तिकीट." मागच्या बाया हसल्या, एकीनं विचारलं की आधार कार्ड आणलं का तिचं, आणि रंजनाबाईही हसल्या, मग आपण हसलो याचं त्यांना वाईट वाटलं. प्रकाशा गावच्या पुलावर तापीचा गार वारा आत आला तेव्हा त्यांनी पिशवीवर पदर ओढला. त्यांना वाटत होतं, समोरून हेमकांतची पांढरी गाडी येईल. पुलावर नाही आली तर पुढं फाट्यावर येईल. नंदुरबार जवळ आलं तशी दोन्ही बाजूंच्या शेतांत वाळत घातलेली मिरची दिसू लागली, जमीनच्या जमीन लाल, आणि बसमधला प्रत्येक जण शिंकायला लागला. पिशवीतून सरकीही शिंकली आणि लगेच कळवळून ओरडली. शिंकल्यावर कुणी ओरडतं का, असा एक विचार रंजनाबाईंच्या मनाला चाटून गेला. पण तेवढ्यात स्टँड आला.

दवाखाना दोन खोल्यांचा होता. बाहेर बाकावर कुत्रा घेतलेला एक जण आणि पोपटाचा पिंजरा घेतलेली एक बाई. आत गेल्यावर रंजनाबाईंना जी दिसली ती डॉक्टर म्हणजे केसांची घट्ट वेणी घातलेली सावळी, किरकोळ मुलगी. तिनं "या आजी, बसा" म्हटलं, शुद्ध मराठीत, गुरुजी वर्गात बोलायचे तसल्या. रंजनाबाईंनी सरकीला पिशवीतून काढून मांडीवर घेतलं. आधी कुणाला दाखवलं होतं का, असं रविनानं विचारलं. रंजनाबाई म्हणाल्या, "शहाद्याला एका डॉक्टरांना." ते शब्द तोंडातून निघाले आणि खोलीतली हवा एकदम पातळ झाल्यासारखी वाटली. एका डॉक्टरांना. ज्याचं नाव सांगायला त्या निमित्त शोधत हिंडायच्या, त्याला त्यांनी एक डॉक्टर करून टाकलं होतं. त्याचं नाव वाचवायला असं केलं, असं त्या मनाशी म्हणाल्या, आणि मग त्यांना हेही दिसलं की नाव वाचवावं लागतं ते बुडतं आहे असं वाटल्यावरच. रविनानं पुढचे प्रश्न विचारले. खाते काय, उलटी होते का, पाणी किती पिते.

"खूप पिते," रंजनाबाई म्हणाल्या. "सारखी वाटीपाशीच असते."

"वाटीपाशी बसते, की पिते?"

रंजनाबाईंनी ती वाटी डोळ्यांसमोर आणली. पिताना पाहिलं होतं का? सकाळ-संध्याकाळ वाटी विसळून त्या काठोकाठ भरून ठेवत, आपल्या घरात मुक्या जनावराची वाटी कधी रिकामी दिसायची नाही, हा त्यांचा नेम होता. काठोकाठ भरलेल्या वाटीतून किती गेलं हे कुणी कधी बघितलं होतं? ती बसलेली दिसायची. जीभ बाहेर काढून पाण्याला लावताना, शेवटची कधी दिसली? रक्त घ्यायला आला तेव्हा हेमकांतनंही हेच विचारलं होतं, अदबीनं, स्टुलावर बसून, आणि त्या तेव्हा ठासून म्हणाल्या होत्या की भलतंच पाणी पिते, आणि त्यानं मान डोलावली होती. काकू म्हणते म्हणजे पितेच. त्याच्या मानेच्या त्या डोलावण्याचं तेव्हा केवढं बरं वाटलं होतं.

रविनानं आणखी काही विचारलं नाही. तिनं टॉवेल उघडला, रंजनाबाईंच्या मांडीवरून सरकीला एका हातानं सरळ उचललं, गुंडाळलं, टेबलावर ठेवलं आणि अंगठ्यानं तिचा ओठ वर केला. रंजनाबाईंची मांडी एकदम मोकळी झाली. ओठाखाली सगळं लालभडक होतं, मागची दाढ मधून फुटलेली, आणि तिथं बोट जाताच सरकी किंचाळली, तोच आवाज, रात्रभर उशाशी बारीक होऊन येत होता तो. रंजनाबाईंना एकाएकी सारंगखेड्याची यात्रा दिसली, माहेरची, वडील अबलख घोडीचा लगाम धरून उभे आणि कुणीही परका माणूस येतो आणि घोडीचा ओठ वर करून दात बघतो. एकदा एक गिऱ्हाईक तोंड न बघताच घोडी आवडली म्हणालं, तेव्हा वडिलांनी त्याला विकली नव्हती. म्हणाले होते की जो माझ्या तोंडाकडे बघून घेतो तो उद्या माझ्या तोंडावर बोलेल. लहानपणी त्यांना हे कळलं नव्हतं, नुसतं वडिलांचं ताठ उभं राहणं आवडलं होतं.

मग रविनानं पोटातून सुईनं लघवी घेतली, दोन थेंब एका दुर्बिणीसारख्या नळकांड्यात टाकून खिडकीकडे धरले, पुन्हा धरले. तिनं सांगितलं ते सावकाश, शाळेत फळ्यावर गणित सोडवावं तसं. लघवी घट्ट आहे. किडन्या खरंच गेल्या असत्या तर ती पाण्यासारखी असती. वयानं थोड्या थकल्या असतील, पण त्या काम करताहेत. तोंड दुखतं म्हणून ती खात नाही, पाणीसुद्धा दाताला झोंबतं म्हणून वाटीसमोर नुसती बसते, आणि अंगात पाणी नाही म्हणून रक्तातले आकडे चढलेत. तोंडाचा वासही दोन्ही आजारांत येतो. दोन दिवस सलाईन लावू, रक्त पुन्हा बघू, मग खराब दाढा काढू. भूल द्यावी लागेल, आणि या वयात भुलीतून ती उठेलच असं मी लिहून देणार नाही. "रक्त बरोबर घेतलंय आणि बरोबर तपासलंय," ती म्हणाली. "फक्त पाणी पिते असं कळलं, आणि तोंड बघितलं गेलं नाही. डॉक्टर कोण म्हणालात?"

रंजनाबाई उभ्या राहिल्या. बसून ते नाव घ्यावं असं त्यांना वाटलं नाही. "माझा पुतण्या आहे तो," त्या म्हणाल्या. "डॉक्टर हेमकांत. मी वाढवलाय त्याला. आणि पाणी पिते असं त्याला मी सांगितलं होतं."

रविना हसली. शिकत असताना धडगावच्या जनावरांच्या शिबिरात ती सरांच्या, म्हणजे हेमकांतच्याच, हाताखाली होती. सर म्हशीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालायचे आणि पोरांना ओरडायचे की तोंड न बघता औषध लिहिणाऱ्यानं माझ्याजवळ उभं राहू नये. तिनं तिथूनच त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला, सरकीच्या शेजारी. रंजनाबाईंना आतल्या आत काहीतरी घट्ट धरून ठेवावंसं वाटलं, पण मांडी रिकामी होती. रविनानं सगळं सांगून विचारलं की सर, तोंड कसं राहिलं. पलीकडे ट्रॅक्टर चालू होता, कुठल्या तरी खळ्यावर असावा. मग हेमकांतचा आवाज आला, पडलेला: "काकूंनी तिला मांडीवर धरलं होतं. मी हात नेला तर काकू म्हणाल्या, दुखवू नको तिला. काकूच्या हातातून मी तिला ओढून कशी घेऊ, मॅडम?"

रंजनाबाई फोनवर वाकून म्हणाल्या, "हेमकांत, मी आठे शे."

पुन्हा ट्रॅक्टर. कुणीतरी त्याला हाक मारत होतं. त्या थांबल्या. आता तो काय म्हणेल यावर आपलं उरलेलं आयुष्य बेतलेलं आहे असं त्यांना वाटलं, आणि ते अतिशयोक्तीचं आहे हेही त्याच वेळी वाटलं. आपण न सांगता आलो. आपण त्याला एक डॉक्टर म्हटलं. आणि तोही काल उभ्याउभ्या गेला होता, कारण स्वतः सांगितलेलं त्यालाच पेलत नव्हतं, आज हे एवढं उघड दिसतं आहे.

"बरं करं तू गई ते, काकू," तो म्हणाला. "तू तठेच ऱ्हाय. मी येस."

दोन दिवस सरकी दवाखान्यात सलाईनवर होती आणि रंजनाबाई नंदुरबारला नणंदेच्या घरी. हेमकांत रोज येऊन गेला. त्या दोघांत त्या विषयावर एक शब्द झाला नाही, त्यांच्या घरात असले शब्द होत नसत. त्यानं एकदा स्वतःहून सरकीचा ओठ वर करून बघितला, आणि रविनाला तिच्या सुईची पकड बदलायला सांगितली, आणि रविनानं त्याला मांजराला भूल किती कमी लागते ते सांगितलं, आणि त्यानं ते ऐकून घेतलं. रक्तातले आकडे खाली आले. रविना म्हणाली की वय बघता भूल देताना आणखी दोन हात हवेत. हेमकांत म्हणाला, माझे आहेत.

रविवारी सकाळी, ज्या सकाळी तो इंजेक्शन घेऊन यायचा होता, त्या सकाळी त्यानं हिरवा झगा घातला आणि हात कोपरापर्यंत धुतले. रंजनाबाई टेबलाजवळ गेल्या. सरकीनं त्यांना ओळखलं, मान उचलली, आणि पुढचा पाय त्यांच्या पदरात अडकवला. त्यांचे हात आपोआप तिच्याकडे गेले. हिला मी धरते, माझ्याजवळ ती शांत असते, असं त्या म्हणायला लागल्या होत्या.

"काकू," हेमकांत म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. पण हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, हा गोठ्यातला असणार, चार गडी म्हैस धरून उभे असताना वापरायचा. "सोड तिले. तू भायेर बठ."

त्यानं पदरातलं नख अलगद सोडवलं, सरकीला आपल्या बाजूला ओढून घेतलं, आणि काकूंकडे बघितलंसुद्धा नाही. आयुष्यात त्यांना असं कुणी बाहेर काढलं नव्हतं. दिरानं नाही, गुरुजींनी तर नाहीच. त्या वळल्या, बाहेर आल्या, दार मागून लागलं. बाकावर पोपटवाली बाई आजही होती. आतून त्याचा आवाज येत होता, थोडका, नेमका, धर, सोड, थांब, आणि मधूनच त्या मुलीचा, आणि मग कुणाचाच नाही. ही शांतता लांबत गेली तरी रंजनाबाईंची पाठ, त्यांच्या लक्षात आलं, बाकाला टेकलेली नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. दार फटीएवढं उघडलं, हेमकांतचं घामेजलेलं तोंड दिसलं. डोळे उघडले तिनं, तो म्हणाला, पण इतक्यात आत यायचं नाही. आणि दार पुन्हा लागलं.

पोपटवालीनं पिंजरा मांडीवर सरकवून घेतला आणि बंद दाराकडे मान करून हळहळल्या सुरात विचारलं, "मझार कोन शे तुम्हनं?"

"मन्हा हेमकांत," रंजनाबाई म्हणाल्या. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "डॉक्टर शे. माले भायेर काढी दिधं त्यानी."